ढलपी टाकू नका : पियानोच्या आणि पेटीच्या तुटक्या पट्ट्यांबद्दल

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं पट्ट्यांची निघाली. तारांची आणि सुरांची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आणि ही सहा एकत्र घेतली. त्यातल्या दोघांच्या पट्टीचा एखादा तुकडा झाडूबरोबर केरात गेला आहे, आणि ते वाचताना मला खरंच वाईट वाटलं. लाकूड जिथं मोडतं तिथं त्याचे दोन्ही काठ एकमेकांत जसे बसतात, तसे कुठल्याही सुताराच्या हातून तासून बसत नाहीत. म्हणून उत्तरांच्या आधीच सांगतो: पट्टी मोडली की पहिल्यांदा जमिनीवर बसा, ढलपी शोधा, पाकिटात घाला आणि पाकिटावर पट्टीचा नंबर लिहा. मग मला पत्र लिहा.

*

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. म्हापशाला आमच्या आजोबांचा उभा पियानो आहे. सुटीत आलेल्या भाच्याने मूठ आपटली आणि मधल्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, खाली बसली ती वर येईना. फळकूट काढून पाहिलं तर पट्टी लोखंडी पिन जाते तिथंच मोडली आहे. तुकडे सगळे जपून ठेवलेत. आमचा सुतार म्हणतो, सागवानाची नवी करून देतो, पन्नास वर्षं बघायला नको. करू द्यावी का? जुनी जोडली तर टिकेल का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : सुतारांचे आभार माना, पण सागवान त्यांना परत न्यायला सांगा. लाकूड उत्तमच, पण या कामाचं नाही. पियानोची पट्टी स्प्रूस, पाईन किंवा लाइम अशा हलक्या, सरळ रेषेच्या लाकडाची असते. सागवान स्प्रूसच्या जवळजवळ दीडपट जड. एकच पट्टी जड झाली की बोटाला ती लगेच कळते, वाजवताना तिथं अडखळल्यासारखं होतं. शिवाय सागवानाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे वरचा पांढरा पापुद्रा त्यावर नीट चिकटून राहत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पियानोच्या ८८ पट्ट्या, म्हणजे ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, सुट्या सुट्या बनवलेल्या नसतात. आधी लांबच लांब फळ्या जोडून एक अख्खा पाट करतात, त्याला पिनांची भोकं पाडतात आणि मग तो पाट करवतीने कापून पट्ट्या सोडवतात. म्हणून प्रत्येकीवर नंबर ठोकलेला असतो, डावीकडून १ पासून. तुमची पांढरी पाच तिच्या शेजारणींच्या अंगातूनच कापलेली आहे. तिचा बाक, तिची तिरीप, सगळं तिच्याच जागेपुरतं आहे.

आता ती तिथंच का मोडली ते पाहा. पियानोत एका सप्तकाला साधारण १६५ मिलिमीटर रुंदी मिळते आणि मागच्या बाजूला तेवढ्यात १२ पट्ट्या बसवायच्या असतात. म्हणजे मधली फट धरून एका पट्टीच्या वाट्याला पावणेचौदा मिलिमीटरही पुरे येत नाहीत. त्यात खालून पिनेचं भोक, वरून बनातीने मढवलेली खाच. या एका जागी दोन्ही बाजूंना जेमतेम चार-पाच मिलिमीटर लाकूड उरतं, आणि सगळा झोका याच जागेवर पेलायचा असतो. पट्टी म्हणजे तरफच की. मूठ बसली की ताण येतो तो इथं.

तरी भाच्याला रागावण्याआधी मोडलेला काठ खिडकीशी नेऊन बघा. सगळा काठ ताज्या लाकडाचा, पिवळसर पांढरा असेल तर ती मुठीचीच करामत. पण काठाचा एक भाग मळकट, करडा दिसत असेल तर तिथली चीर जुनी आहे. तिच्यात वर्षानुवर्षं धूळ जात होती आणि भाच्याच्या वेळी तिनं शेवटचा श्वास सोडला, इतकंच. माझ्याकडे आलेल्या मोडक्या पट्ट्यांत असा करडा काठ अनेकदा दिसतो.

जुनी चीर कशाने पडते? बहुतेकदा पट्टी चुकीच्या तऱ्हेने उपटल्याने. हे मी माझ्या हाताने केलेलं आहे. धोबीतलावच्या कारखान्यात शिकायला लागलो त्या पहिल्याच पावसाळ्यात मला पट्ट्या काढून पुसायला बसवलं होतं. मी प्रत्येक पट्टीचं पुढचं टोक धरून वर ओढत होतो. तिसाव्या-एकतिसाव्या पट्टीला बारीकसा आवाज आला, सुकी शेंग फुटावी तसा. आमचे मास्तर मूळचे सासष्टीचे, फार बोलणारे नव्हते. त्यांनी ती पट्टी घेतली, भोकाच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोट ठेवलं आणि पुढची पट्टी सरळ वर उचलून दाखवली, विहिरीतून कळशी काढावी तशी. मग मी काढलेल्या तीसही पट्ट्यांची भोकं भिंगाखाली बघायला लावली. चार पट्ट्यांना केसाएवढ्या चिरा होत्या. त्या चारही मी त्याच आठवड्यात बसून जोडल्या.

तेव्हा पट्टी काढताना भोकाशीच धरायची आणि सरळ वर उचलायची. काही उभ्या पियानोंत हातोड्यांचा सांगाडा, ज्याला आम्ही ॲक्शन म्हणतो, तो आधी बाहेर काढावा लागतो. वरचे दोन-तीन स्क्रू सैल करून, पायातल्या पॅडलचे दांडे सोडवून तो अंगाकडे तिरपा करून उचलतात. याला दोन माणसं हवीत. एकट्याने करू नका, एक हातोडी मोडली तर पट्टीपेक्षा महाग पडेल. पट्टी निघाली की खालच्या पिनेत बनातीची गोल चकती आणि तिच्याखाली पातळ कागदाच्या चकत्या दिसतील. त्यांना हात लावू नका. तिथं एका कागदाची जाडी कमी-जास्त झाली की पट्टीचं पुढचं टोक त्याच्या दुपटीच्या आसपास खाली-वर होतं.

आता जोडणं. दोन्ही तुकडे आणि सगळ्या ढलप्या आधी कोरड्याच बसवून पाहा. नीट बसल्या तर सांधा दिसेनासा होतो, नखाला तेवढा लागतो. नखाला पायरी लागली तर कुठेतरी एखादा तंतू दुमडलेला आहे. तो सुईने सरळ करा, कापू नका. बसतंय याची खात्री झाल्याशिवाय डिंकाची बाटली उघडायची नाही.

मी स्वतः अजून सरस वापरतो, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साठेक अंशांवर गरम केलेला. घरी करणाऱ्यांसाठी साधा पांढरा फेविकॉल पुष्कळ आहे, ताज्या मोडीला तो लाकडाइतकाच घट्ट धरतो. पातळ थर दोन्ही काठांना, बारीक ब्रशने. तुकडे मिटवायच्या आधी भोकात मेण चोळलेली तेवढ्याच जाडीची पिन घाला, म्हणजे डिंक भोकात उतरणार नाही. मग पट्टी सपाट जागेवर आडवी ठेवा. जाड काच किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप उत्तम. खाली बटर पेपर घाला, नाहीतर पट्टी काचेला चिकटून बसेल. दोन छोटे शिकंजे उभे आणि एक आडवा लावा, हलक्या हाताने. आवळून आवळून सगळा डिंक बाहेर काढलात तर आत काय राहणार? बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसा आणि चोवीस तास विसरून जा. पिन मात्र अर्ध्या तासाने एकदा फिरवून सैल करून ठेवा.

एवढ्यावर थांबलात तर पट्टी चालेल, पण त्या जागेची नाजूकता तशीच राहील. म्हणून भोकाच्या दोन्ही अंगांना, साधारण सहा-सात सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर खोल, पट्टीचं लाकूड पटाशीने सपाट काढतात आणि तिथं बारीक रेषेच्या कठीण लाकडाची तेवढीच पातळ चीप चिकटवतात. चिपेची रेषा पट्टीच्या लांबीने जायला हवी. खाच न काढता नुसती वरून चिकटवली तर ती शेजारच्या पट्टीला घासेल, आणि एका पट्टीचं दुखणं तीन पट्ट्यांना होईल. हे काम तुमचे सुतार नक्की करतील, त्यांच्या हाताला पटाशीची सवय आहे. त्यांना सागवानाऐवजी हे काम द्या.

पट्टी परत बसवल्यावर दोन गोष्टी तपासा. पिनेवर अर्धी वर उचलून सोडली तर ती आपल्या वजनाने खाली यायला हवी, पण डावी-उजवीकडे खुळखुळता कामा नये. आणि उजवं पॅडल दाबून ठेवून पट्टीच्या पुढच्या टोकाशी दहा रुपयांची नाणी एकावर एक ठेवत जा. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. सहा-सात नाण्यांना पट्टी सावकाश खाली गेली की समजा जमलं. शेजारच्या पट्ट्यांनाही तेवढीच नाणी लागतात का ते बघा. जुन्या पियानोत हा आकडा थोडा मागे-पुढे असतो, पण शेजारी-शेजारी सारखा हवा.

*

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या संगीतवर्गात पियानोची 'काळी दोन' ही पट्टी चार महिन्यांपूर्वी मोडली होती. एका कारागिराने तिथल्या तिथे दोन मिनिटांत जोडून दिली, चटकन सुकणाऱ्या डिंकाने. आता परत त्याच जागी मोडली. दोन्ही काठ काचेसारखे चकचकीत दिसतात. फेविकॉल लावून पाहिला, धरत नाही. — एक शिक्षिका

उत्तर : ताई, धरणार नाहीच. तो चकचकीत थर म्हणजे सुकलेला डिंक, लाकडाच्या तंतूंत मुरलेला. फेविकॉलला मुरायला लाकूड सापडत नाही. झटपट डिंक केसाएवढ्या चिरेत उतरवायला मीही कधीमधी वापरतो, पण अख्खी मोड त्याने जोडू नये. तो सुकून ठिसूळ होतो, आणि पट्टीला दिवसातून हजार वेळा धक्के बसतात. शिवाय नीट जुळवायला वेळच देत नाही, बोट हललं की पट्टी वाकडी ती कायमची.

ॲसिटोनने तो थर मऊ होतो. पण जुन्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या असू शकतात आणि ॲसिटोनचा एक थेंब सेल्युलॉइड विरघळवतो. काळ्या पट्टीवरही आबनूस आहे की प्लॅस्टिक हे आधी पाहा. त्यामुळे ॲसिटोन लावायचंच तर पट्टी पियानोतून पूर्ण बाहेर काढून, वरचा भाग झाकून, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर. माझा अनुभव असा की एवढं करूनही मूळचा काठ पुरता परत मिळत नाही.

तेव्हा इथं नवं लाकूड घालावं लागेल. शेजारच्या काळ्या पट्टीवरून एकूण लांबी आणि भोकाची जागा कागदावर उतरवून घ्यायची. दोन्ही तुकडे त्या खुणेवर ठेवून मधला खराब भाग तिरका कापून काढायचा. सरळ कापलात तर सांधा टोकाला टोक असा येतो, आणि लाकडाच्या टोकाला डिंक धरत नाही. १३ मिलिमीटर रुंदीत सांध्याची तिरीप ८० ते १०० मिलिमीटर लांब हवी. मध्ये त्याच जातीचं, तीच रेषा असलेलं लाकूड. भोक सगळ्यात शेवटी पाडायचं, उभ्या ड्रिलवर, हातात धरून नाही. एक अंश तिरकं गेलं तरी पट्टीचं डोकं शेजारणीकडे झुकतं.

हे घरी करायचं काम नाही. चांगल्या माणसाकडे पट्टी द्या आणि त्याला पुरेसे दिवस द्या. दोन मिनिटांत करून देतो म्हणणाऱ्याला मात्र नम्रपणे नको म्हणा. मुलांना तोवर काळी दोन वगळून वाजवायला सांगू नका, बोटांना खोटी सवय लागते. दुसरा धडा घ्या.

*

प्रश्न : काका, मी कुडाळकडचा भजनी बुवा. डबलबारीच्या रात्री पेटीची काळी चार मोडली. पहाटेपर्यंत तसंच निभावलं. पट्टीचं पुढचं टोक हातात आलं, बारके तुकडे मांडवातच झाडले गेले. आता ती जागा न दाबताच सूर लागून राहतो. पेटी माझ्या वडिलांची आहे. नवी घ्या म्हणतात सगळे. — बुवा, सिंधुदुर्ग

उत्तर : बुवा, पेटी नवी घेऊ नका. तुमच्या पत्रातलं 'न दाबताच सूर लागून राहतो' हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण तिथंच खरं दुखणं आहे.

पेटीची पट्टी पियानोपेक्षा साधी. एक तरफ, पुढच्या टोकावर बोट, मागच्या टोकाला चामडं लावलेली झडप, आणि झडप दाबून धरणारी तारेची स्प्रिंग. बोटाने पुढचं टोक खाली गेलं की मागची झडप उघडते आणि भात्यातला वारा स्वराच्या पितळी जिभेतून जातो. आपल्याकडे जमिनीवर बसून एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या अशी जी पेटी वाजते, ती १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. त्याआधी १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेंनी पेटंट घेतलेली हार्मोनियम पायाने वारा भरायची होती. आपल्या संगीत नाटकांतला पायाचा ऑर्गन तुम्ही पाहिलाच असेल. पण लाकडी पट्टी, तिची तरफ आणि तिची मोड, या सगळ्यांची तऱ्हा एकच.

तुमची पट्टी पुढे मोडली, पण सूर लागून राहतोय म्हणजे मागचा भागही जागेवरून हलला आहे. एक तर झडप तिरकी बसते आहे, नाहीतर मोडताना स्प्रिंग खाचेतून सुटली आहे. वरची जाळी काढा. दिवसाउजेडी मागच्या बाजूने बघा. काळी चारची झडप शेजारच्या झडपांच्या रांगेत सपाट बसलेली दिसते का? स्प्रिंगचं टोक आपल्या खाचेत आहे का? स्प्रिंग नुसती सुटली असेल तर बारीक चिमट्याने परत बसवा, वाकवू नका. झडपेखाली ढलपीचा कण अडकला असेल तर मऊ ब्रशने काढा. फुंकर मारू नका, कण स्वराच्या जिभेत जाऊन बसतो.

पुढचं टोक जोडणं सोपं आहे. ढलप्या गेल्यात, त्यामुळे सांधा पुरता भरणार नाही. फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून फट भरणारे आहेत. मी ते करत नाही, त्याला जोर नसतो. इथं दोन नळ्यांचा घट्ट डिंक, म्हणजे इपॉक्सी, सावकाश सुकणारा घ्या. तो फट भरतोही आणि धरतोही. जोडल्यावर पट्टीच्या खालच्या अंगाला पातळ चीप घाला. आणि हे सगळं पट्टी पेटीतून बाहेर काढून करा. पट्ट्या एका लांब तारेवर किंवा सुट्या पिनांवर ओवलेल्या असतात. लांब तारेवर असतील तर एक काढायला बाजूच्याही निघतात, तेव्हा काढण्याआधी प्रत्येकीच्या मागच्या टोकावर पेन्सिलने आकडा घाला. फोनने फोटो काढला तरी आकडा घालाच.

बसवून झालं की न दाबता एकच सूर धरून ठेवणारे खटके (ड्रोन) मिटलेले ठेवा, बाकीचे सगळे उघडा, एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि ऐका. हलकीशीही गुणगुण आली तर झडप अजून पूर्ण मिटत नाही. पूर्ण शांत असेल तर पुढच्या बारीला निर्धास्त जा. डबलबारीत समोरच्या बुवांच्या गजराला उत्तर देताना हात जोरात पडतो, ते मला समजतं, मीही कणकवलीला रात्र-रात्र ऐकलेलं आहे. पण पेटीत जोरात मारल्याने सूर मोठा होत नाही, तो भात्याने मोठा होतो. शागिर्दांना हे सांगा.

*

प्रश्न : वांद्र्याच्या आमच्या जुन्या घरातल्या पियानोच्या एका पांढऱ्या पट्टीचा वरचा पापुद्रा निघाला आणि त्याचा कोपरा तुटला. तो कोपरा बहुतेक मोलकरणीने झाडून टाकला. हा हस्तिदंत आहे का? तसाच दुसरा कुठे मिळेल? — एक वाचिका

उत्तर : पट्टी उजेडात तिरकी धरून पाहा. पुढचा रुंद भाग आणि मागचा, काळ्या पट्ट्यांमधला अरुंद भाग, यांच्यामध्ये केसाएवढी आडवी रेघ दिसते का? हस्तिदंत बहुधा असा दोन तुकड्यांत लावत. शिवाय त्यात लाकडासारख्या मंद रेषा असतात, प्रत्येक पट्टीत वेगळ्या. सगळ्या पट्ट्यांवर सारख्याच, फूटपट्टीने आखल्यासारख्या रेषा असतील तर ते सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचून ओळखायची जुनी रीत आहे, ती अजिबात करू नका. सेल्युलॉइड भुर्रकन पेट घेतं.

हस्तिदंत असेल तर दुसरा मिळवायच्या फंदात पडू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हा व्यापार बंद केला आहे, आणि तो बंद झाला हे माझ्या मते फार योग्य झालं. पियानो पुढेमागे विकायचा विचार असेल तर आधी कायदा जाणणाऱ्या माणसाचा सल्ला घ्या.

निघालेला पापुद्रा परत लावता येतो. तो जेमतेम मिलिमीटरभर जाड आणि अर्धपारदर्शक असतो, त्यामुळे खाली जे असेल ते वर झिरपून दिसतं. पिवळा डिंक लावलात तर पट्टी कायमची पिवळी दिसेल. पूर्वीचे कारागीर म्हणूनच सरसात खडू घालत. तुम्ही पांढराच फेविकॉल पातळ लावा, लाकडावरचा जुना सरस आधी ओल्या फडक्याने मऊ करून खरवडून काढा, आणि वर बटर पेपर व सपाट लाकूड ठेवून शिकंजा लावा. तुटलेला कोपरा पांढऱ्या इपॉक्सीने भरून घासता येतो. जवळून पाहिलं तर कळेल, पण बोटाला लागणार नाही, आणि बोटाला न लागणं महत्त्वाचं. आणि झाकण रोज थोडा वेळ उघडं ठेवत जा. हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो.

*

प्रश्न : रत्नागिरीत पावसाळ्यात आमच्या पियानोच्या पाच-सहा पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात. मोडल्यात का? पॉलिश पेपरने बाजू घासू का? — एक विद्यार्थी

उत्तर : मोडलेल्या नाहीत, फुगलेल्या आहेत. बाळा, पॉलिश पेपर आधी ठेवून दे. आता घासलेलं लाकूड माघ-फाल्गुनात आकसेल आणि तीच पट्टी मग खुळखुळेल. बहुतेक वेळा लाकूड नाही, पिनेभोवतीची लाल बनात फुगलेली असते. पियानो बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. पाऊस उघडला की खालचं फळकूट काढून वारा लागू दे. आमच्याकडे पावसाळ्यात आत बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत होती. आताचे एलईडी तापतच नाहीत, आणि जुना बल्ब लाकडाशी टेकला तर आगीचं भय, म्हणून ते नको. दिवाळीपर्यंत पट्ट्या आपोआप मोकळ्या झाल्या नाहीत तर बनात दाबायची खास पकड असते, ती असलेल्या माणसाला बोलाव. साध्या पकडीने दाबायला गेलास तर खाचेची भिंत फुटते, आणि मग वरचं म्हापशाचं उत्तर तुलाही वाचावं लागेल.

*

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलीसाठी जुना ग्रँड पियानो घेतला. हिवाळ्यात हीटर सुरू झाल्यापासून काही पट्ट्या एकमेकींना घासतात. एक बाहेर काढली तर तिच्या बाजूला गोल शिशाचे ठिपके, त्यांवर पांढरी पूड, आणि त्यातून लांबट चीर गेलेली. लाकूड कोरडं झाल्याने असं झालं का? — एक आई

उत्तर : कोरडेपणाने चीर वाढली असेल, पण ती पाडली शिशाने. ग्रँडच्या पट्ट्यांचं वजन जुळवायला पुढच्या भागात शिशाच्या गोळ्या ठोकलेल्या असतात. शिसं वर्षानुवर्षं दमट हवेत आणि लाकडातल्या आम्लाच्या वाफेत राहिलं की त्यावर पांढरी पूड धरते आणि ते फुगतं. फुगलेलं शिसं लाकूड आतून फाडतं आणि पट्टीच्या बाजूला पोट येतं, म्हणून ती शेजारणीला घासते.

ती पूड विषारी आहे. मुलीला खोलीबाहेर ठेवा. फुंकू नका, झटकू नका, कोरडी घासू तर मुळीच नका. हातमोजे घालून ओल्या कागदी रुमालाने पुसा आणि तो रुमाल बंद पिशवीत टाका. तुमच्याकडे घरातला कचरा टाकायचे नियम वेगळे असतात, शिशाचं काय करायचं ते पालिकेला विचारा. मग पियानोचा कारागीर बोलावून सगळ्या पट्ट्या बघून घ्या, कारण एकीला धरलं आहे तर बाकीच्यांनाही धरलं असणार. तो फुगलेल्या गोळ्या दाबून बाहेर काढेल, चिरेत डिंक भरून शिकंजा लावेल आणि तेवढ्याच वजनाच्या नव्या गोळ्या बसवेल. वजन 'तेवढंच' आहे ना हे नाण्यांनी तुम्हीही तपासू शकता, तुमच्या पाच सेंटचं नाणं बरोबर पाच ग्रॅमचं असतं. पन्नास ग्रॅमला दहा नाणी.

खोलीतल्या हवेचा दमटपणा ४० ते ५० टक्के राहील असं पाहा, पियानोशेजारी छोटा मापक ठेवा. आणि त्या चिरलेल्या पट्टीच्या कडेने ढलपी निघाली असेल तर ती ओल्या कागदी रुमालाने पुसून पाकिटात घाला आणि कारागीर आला की त्याच्या हातात द्या.